स्तनातली न भरणारी गाठ : ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसचे निदान कसे करावे

मूल दोन-तीन वर्षांचे झालेले, अंगावरचे दूध सुटलेले आणि एका स्तनात कडक, दुखरी गाठ. पहिल्या भेटीत अँटिबायोटिकचा कोर्स मिळतो. चार दिवस बरे वाटते, मग वरची कातडी लाल होते आणि गळू धरते. चिरा देऊन पू काढला जातो, पण जखम भरत नाही. थोड्या दिवसांत शेजारी दुसरे तोंड पडते. इथून पुढे कोणी क्षयाची औषधे सुरू करते, कोणी कॅन्सरच्या धास्तीने स्तन काढण्याची भाषा करते. अशा वेळी ज्या आजाराचा विचार लवकर व्हायला हवा आणि बहुधा सर्वांत उशिरा होतो, तो म्हणजे इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजेच आयजीएम.

हा कॅन्सर नाही. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या लहान गटांना लोब्यूल म्हणतात. या लोब्यूलांमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी पुंजके करून बसतात. हे पुंजके म्हणजे ग्रॅन्युलोमा. असे का होते याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही, म्हणूनच नावात ‘इडिओपॅथिक’ आहे. केसलर आणि वोलोक यांनी १९७२ साली हा वेगळा आजार म्हणून नोंदवला. आजार दुर्मीळ खरा, पण भारत, तुर्कस्तान आणि इराणमधून त्याच्या नोंदी बऱ्याच येतात. अमेरिकेत इंडियाना राज्यात २००६ ते २००८ या काळात हिस्पॅनिक स्त्रियांमध्ये त्याचे रुग्ण एकामागोमाग आढळले, तेव्हा तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने त्याचा तपास केला होता.

निदानातली अडचण अशी की ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ असे सांगणारी रक्ताची तपासणी नाही आणि सोनोग्राफीत दिसणारे हमखास चिन्हही नाही. गाठीचा तुकडा काढायचा, त्यात ग्रॅन्युलोमा आहेत हे दाखवायचे आणि मग ग्रॅन्युलोमा करणारी बाकीची कारणे एकेक करून बाद करायची, एवढा एकच मार्ग आहे. आपल्याकडे त्या यादीत सर्वांत वर क्षय असतो. त्यामुळे सगळी मदार एका गोष्टीवर येते: तुकडा नीट जागेवरून घेतला का, आणि तो दोन वेगवेगळ्या डब्यांतून दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडे गेला का.

संशय केव्हा घ्यावा

रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतली, मुले झालेली असते आणि शेवटच्या बाळंतपणाला बहुतेक वेळा पाच वर्षांहून कमी काळ झालेला असतो. गाठ सहसा एकाच स्तनात आणि बऱ्याचदा बोंडापासून दूर, बाहेरच्या भागात असते. ती हाताला कडक आणि वेडीवाकडी लागते. कधी काही आठवड्यांत पाव स्तन व्यापते. ताप नसतो किंवा किरकोळ असतो. बोंड आत ओढले जाऊ शकते, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड होऊ शकते, काखेत गाठी लागू शकतात. ही तिन्ही लक्षणे कॅन्सरचीही आहेत, म्हणून नुसत्या हाताने तपासून कोणीही ‘हे साधेच आहे’ असे सांगू नये.

दूध पाजत असताना होणारा साधा स्तनदाह वेगळा ओळखता येतो. तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत जास्त होतो, थंडी वाजून ताप येतो आणि योग्य अँटिबायोटिकवर दोन-तीन दिवसांत उतार दिसू लागतो. बोंडालगतच्या काळसर भागाखाली पुन्हा पुन्हा गळू होत असेल आणि स्त्री धूम्रपान करत असेल, तर दुधाच्या नळ्यांभोवतीचा दाह, म्हणजे पेरिडक्टल मॅस्टायटिस, अधिक संभवतो.

एक साधा नियम पाळावा. योग्य अँटिबायोटिक आठवडा ते दहा दिवस देऊनही गाठ कमी झाली नाही, किंवा पू काढल्यावरही घट्ट गोळा उरला, तर दुसरे अँटिबायोटिक लिहिण्याआधी सोनोग्राफी आणि बायोप्सी ठरवावी. तिसरा-चौथा कोर्स देऊन हाती काही लागत नाही. उलट कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू उगवण्याची शक्यता मात्र कमी होते.

लाली आणि सूज स्तनाच्या एक तृतीयांशाहून जास्त भागावर असेल आणि ती झपाट्याने पसरत असेल, तर इन्फ्लमेटरी कॅन्सर, म्हणजे दाहासारखा दिसणारा आक्रमक स्तनाचा कॅन्सर, डोळ्यांसमोर ठेवून त्याच आठवड्यात बायोप्सी करावी. अशा वेळी गाठीच्या तुकड्याबरोबर लाल कातडीचाही छोटा गोल तुकडा (पंच बायोप्सी) घ्यावा लागतो.

विचारपूस : गोळ्यांची पिशवी मागा

शेवटचे बाळंतपण कधी झाले, दूध कधी सुटले, सध्या गरोदरपणाची शक्यता आहे का, घरात किंवा शेजारात कोणाला क्षय होता का, स्वतःला पूर्वी झाला होता का, वजन घटते आहे का, संध्याकाळचा ताप येतो का, हे विचारले जातेच. स्तनाला मार लागला होता का, बोंड टोचले होते का, सिलिकॉन किंवा चरबी भरली होती का, हेही विचारावे. बाहेरच्या पदार्थाभोवतीही ग्रॅन्युलोमा होतात.

हमखास राहून जाणारा प्रश्न चालू गोळ्यांचा. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढले की आयजीएमचा धोका वाढतो. मानसोपचारातली रिस्पेरिडोन, अमिसुलप्राइड, हॅलोपेरिडॉल ही औषधे ते वाढवतात, हे बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असते. पण आपल्याकडे ॲसिडिटी आणि गॅसेससाठी सर्रास मिळणाऱ्या कित्येक कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलसोबत लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन असते आणि तीही प्रोलॅक्टिन वाढवतात. बाई सांगते, ‘काही नाही, पित्ताची गोळी चालू आहे.’ ती गोळी महिनोन्‌महिने चाललेली असते. म्हणून औषधे तोंडी विचारू नयेत. पिशवी मागवून पाकिटावरची नावे वाचावीत. मनोविकारावरचे औषध मात्र रुग्णाने स्वतःहून बंद करू नये. ते बदलायचे का, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

अंगावरचे इतर भागही पाहावेत. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी (एरिथेमा नोडोसम) किंवा घोट्या-गुडघ्यांची सूज आयजीएमसोबत दिसते. स्त्रिया त्या संधिवात म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवतात आणि स्तनाच्या गाठीचा उल्लेखही करत नाहीत. दोन्ही तक्रारी एकाच वेळी असतील, तर निदानाची दिशा पुष्कळ स्पष्ट होते.

सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी

सुरुवात सोनोग्राफीने करावी; गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही ती निर्धास्त करता येते. आयजीएममध्ये बहुधा एक वेडीवाकडी, काळसर दिसणारी गाठ असते आणि तिच्यातून नळीसारखे फाटे आजूबाजूच्या ऊतीत शिरलेले असतात. सोबत पुवाचे कप्पे, कातडीपर्यंत आलेले मार्ग, जाड झालेली त्वचा आणि काखेतल्या सुजलेल्या लसिकाग्रंथी दिसू शकतात. फाटे फुटलेली गाठ दिसली की आयजीएमचा संशय बळावतो, पण तेवढ्यावर नाव देता येत नाही.

रिपोर्टमध्ये गाठीची जागा घड्याळाच्या काट्यानुसार आणि बोंडापासूनच्या सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावी. उदाहरणार्थ, ‘डावा स्तन, २ वाजता, बोंडापासून ४ सेंमी’. तिन्ही दिशांची मापेही असावीत. पुढे सहा महिने याच आकड्यांशी तुलना होणार असते आणि ‘मोठी गाठ’ एवढ्याच नोंदीचा तेव्हा काही उपयोग होत नाही.

चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफीही करावी. तिशी ते चाळिशीदरम्यान ती गरजेनुसार. आयजीएममध्ये मॅमोग्राफीत बहुधा एका बाजूचा अस्पष्ट दाटपणा दिसतो, त्यावरून काही ठरत नाही. पण कॅन्सरकडे बोट दाखवणारे कॅल्शियमचे बारीक कण आहेत का, हे तिथेच कळते. स्तन फार दुखत असेल तर मॅमोग्राफी दोन आठवडे पुढे ढकलली तरी चालते, बायोप्सी मात्र ढकलू नये. एमआरआयने गाठ किती पसरली आहे ते समजते, पण तिथेही आयजीएम आणि कॅन्सर एकमेकांसारखे दिसतात. पेट स्कॅनमध्ये दोन्ही चमकतात. बायोप्सीआधी या दोन महागड्या तपासण्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स ४’ वाचून घरातले हादरतात. या वर्गाचा अर्थ एवढाच की तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून अधिक आणि ९५ टक्क्यांहून कमी, इतका विस्तीर्ण पट्टा त्यात येतो. आयजीएमच्या गाठी याच वर्गात पडणे अगदी स्वाभाविक आहे.

बारीक सुई की ट्रुकट

एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची तपासणी, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही होते. पण आयजीएमसाठी ती अपुरी पडते. तिच्यात सुट्या पेशी मिळतात. ग्रॅन्युलोमा लोब्यूलच्या आत आहे की बाहेर, हे कळत नाही. दाहामुळे बदललेल्या साध्या पेशी कधी कॅन्सरच्या वाटतात. उलट खरा कॅन्सर पुवात दडून निसटूही शकतो. ‘ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन, क्षय संभवतो’ असा एफएनएसीचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्या दिवशी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू झाली, हा आपल्याकडे वारंवार घडणारा प्रकार आहे. या रिपोर्टचा खरा अर्थ ‘आता ट्रुकट बायोप्सी (जाड सुईने ऊतीचा अखंड तुकडा काढणे) करा’ असा घ्यायला हवा.

ट्रुकटसाठी १४ गेजची सुई वापरावी. कातडीला भूल देऊन दोन-तीन मिलिमीटरची खाच देतात आणि सोनोग्राफीत बघत सुई नेतात. टाका लागत नाही, भरती व्हावे लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. नंतर दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. सुईची वाट शक्यतो चांगल्या कातडीतून असावी. लाल, पातळ झालेल्या कातडीतून घातली तर त्या जागी छिद्र राहून स्राव चालू राहण्याची शक्यता असते.

तुकडा गाठीच्या कोणत्या भागातून घेतला, यावर निम्मे निदान ठरते. मधल्या पुवात सुई घातली की रिपोर्ट येतो, ‘पू आणि मृत पेशी, निष्कर्ष काढता येत नाही’. म्हणून पुवाचा कप्पा असेल तर आधी जाड सुईने, साधारण १८ गेजच्या, पू सिरिंजमध्ये ओढून घ्यावा आणि मग गाठीच्या घट्ट भागातून, कडेकडेने, चार ते सहा तुकडे घ्यावेत. चिरा देऊनच पू काढायचा असेल, तर त्याच वेळी पोकळीच्या भिंतीचा आणि शेजारच्या घट्ट ऊतीचा तुकडा घेतलाच पाहिजे. पू गटारात आणि तुकडा कुठेच नाही, अशी शस्त्रक्रिया निदानाला महिने मागे नेते.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने कित्येक घरांत बायोप्सीला नकार मिळतो. ही भीती निराधार आहे. गाठ खरोखर कॅन्सरची निघाली तरी ट्रुकट बायोप्सीने रुग्णाचे भवितव्य बिघडत नाही, आणि तिच्याशिवाय योग्य उपचार ठरवताच येत नाहीत.

दोन डब्या

पहिली डबी फॉर्मालिनची: १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्यांच्या किमान दहापट. यात तीन-चार तुकडे जातात आणि ही डबी पॅथॉलॉजिस्टकडे हिस्टोपॅथॉलॉजीसाठी पोचते. तुकडे फॉर्मालिनमध्ये किमान सहा तास राहायला हवेत. ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत.

दुसरी डबी निर्जंतुक, आणि तिच्यात फक्त निर्जंतुक नॉर्मल सलाईन, तुकडे ओले राहतील एवढेच, म्हणजे दोन-तीन मिली. यात किमान दोन तुकडे. सिरिंजमधला पूही निर्जंतुक डबीतून याच्यासोबत द्यावा. कापसाच्या काडीवर पुसून घेतलेला पू पाठवू नये. काडीवर नमुना अपुरा येतो आणि कातडीवरचे जंतू मिसळतात. ही दुसरी डबी मायक्रोबायोलॉजीकडे जाते.

सगळी चूक इथे होते. ऑपरेशन थिएटरमध्ये फॉर्मालिनची डबी तयार असते, सगळे तुकडे तिच्यात पडतात आणि झाकण लागते. फॉर्मालिनने जंतू मरतात. मग कल्चर कायमचे हुकते आणि सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुके शोधणारी तपासणी, तीही भरवशाची राहत नाही. रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा आले की ‘क्षय आहे का?’ हा प्रश्न उभा राहतो आणि उत्तर द्यायला नमुनाच उरलेला नसतो. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनीही बायोप्सीआधी सरळ विचारावे: ‘डॉक्टर, सलाईनची वेगळी डबी पाठवणार ना?’ या प्रश्नाचा कोणाला राग येण्याचे कारण नाही.

सलाईनच्या डबीवरच्या तपासण्या नावानिशी लिहून मागाव्या लागतात. ‘कल्चर’ एवढेच लिहिले तर प्रयोगशाळा साधे जंतू पाहून ४८ तासांत रिपोर्ट देते. मागायच्या तपासण्या अशा: ग्रॅम स्टेन (जंतू दिसावेत म्हणून नमुना रंगवणे) आणि जंतूंचे कल्चर, क्षयाच्या जंतूंसाठी झेडएन स्टेन, सीबीनॅट किंवा तशीच ट्रुनॅट, क्षयाचे द्रव माध्यमातले कल्चर (निगेटिव्ह ठरवायला सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस लागतात) आणि बुरशीचे कल्चर, ज्याला साधारण चार आठवडे द्यावे लागतात. साध्या जंतूंच्या कल्चरचा नमुना दोन तासांत पोचावा. क्षयाच्या तपासणीचा भाग बाहेरगावी जाणार असेल, तर तो २ ते ८ अंश तापमानात ठेवून पाठवावा. सीबीनॅट आणि ट्रुनॅट राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात विनामूल्य होतात, त्यामुळे जिल्हा क्षयरोग केंद्राशी आधी बोलून ठेवले तर खर्चही वाचतो.

साध्या कल्चरबाबत एक बारकावा. आयजीएमच्या काही रुग्णांत कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी नावाचा जंतू सापडतो. त्याला वाढायला स्निग्ध पदार्थ लागतात आणि तो हळू उगवतो. नेहमीच्या दोन दिवसांत प्लेट फेकली की तो सापडत नाही. सापडलाच तर ‘डिफ्थेरॉइड, कातडीवरचे जंतू’ म्हणून सोडून दिला जातो. म्हणून फॉर्मवर लिहावे: ‘कोरिनेबॅक्टेरियमचा संशय, ट्वीन ८० घातलेले माध्यम वापरावे, प्लेट किमान पाच ते सात दिवस ठेवावी, जात ओळखून द्यावी.’ हा जंतू सापडला तर उपचार बदलतात. पेनिसिलिनच्या गटातली औषधे चरबीत नीट शिरत नाहीत, तेव्हा डॉक्सिसायक्लिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांचा विचार होतो.

दोन्ही डब्यांसोबतच्या फॉर्मवर वय, शेवटचे बाळंतपण, दूध सुटल्याची तारीख, आधी घेतलेली अँटिबायोटिक्स, एकेटी किंवा स्टिरॉइड घेतले असल्यास तेही, आणि सोनोग्राफीचा निष्कर्ष लिहावा. अँटिबायोटिकची नावे महत्त्वाची आहेत. लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड आणि ॲमिकासिन ही औषधे क्षयाच्या जंतूवरही काम करतात. ती नुकतीच घेतलेली असतील तर क्षयाचे कल्चर निगेटिव्ह आले तरी त्यावर पूर्ण विसंबता येत नाही.

रक्ताच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे

यांतली कुठलीच तपासणी आयजीएम सिद्ध करत नाही. उपयोग इतर कारणे शोधायला आणि पुढच्या औषधांची तयारी करायला. गरोदरपणाची तपासणी आधी, मग सीबीसी, ईएसआर, सीआरपी, एचबीए१सी, एचआयव्ही, टीएसएच आणि प्रोलॅक्टिन. प्रोलॅक्टिनचा नमुना उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, शांत बसवून आणि स्तन तपासण्याआधी घ्यावा. दूध पाजणे चालू असेल तर ते वाढलेलेच येणार. थायरॉइड कमी असले तरी प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून दोन्ही एकत्र. औषधांचे कारण नसताना आकडा फार मोठा आला तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय करावा लागतो.

छातीचा एक्स-रे क्षय आणि सार्कोइडोसिस (फुप्फुसांत व इतरत्र ग्रॅन्युलोमा करणारा आजार) या दोन्हींसाठी हवा. सार्कोइडोसिसचा संशय असेल तर कॅल्शियम पाहावे. नाकातून रक्त येणे, जुनाट सायनस, लघवीत रक्त किंवा प्रथिने, अशी लक्षणे असतील तरच एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या दाहासाठीची रक्ततपासणी) मागवावे. सरसकट सगळ्यांना लांबलचक पॅनेल करायला लावू नये.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कसा वाचावा

आयजीएमच्या बाजूचे शब्द असे: लोब्यूलकेंद्री ग्रॅन्युलोमा, एपिथेलिऑइड पेशी (ग्रॅन्युलोमातल्या संरक्षक पेशी), अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी, न्यूट्रोफिल (पुवात आढळणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि सूक्ष्म गळवे, केसिएशन (मधली ऊती मरून चीजसारखी होणे) नाही. चरबीच्या गोल रिकाम्या जागांभोवती न्यूट्रोफिलची कड दिसते असे लिहिले असेल, तर तो ‘सिस्टिक न्यूट्रोफिलिक’ प्रकार. कोरिनेबॅक्टेरियम बहुधा याच प्रकारात असतो आणि ग्रॅम स्टेनमध्ये त्या रिकाम्या जागांतच शोधावा लागतो.

झेडएन, पीएएस व जीएमएस (हे दोन बुरशीसाठी) आणि ग्रॅम हे चारही स्टेन केले का, हे पाहावे. रिपोर्टमध्ये उल्लेख नसेल तर फोन करून विचारावे. पॅरॅफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, प्रयोगशाळेत असतो आणि स्टेन नंतरही करता येतात. एपिथेलिऑइड पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्या वाटत असतील, तर सायटोकेरॅटिन आणि सीडी६८ हे इम्युनोस्टेन फरक दाखवतात: सायटोकेरॅटिन कॅन्सरच्या पेशींत उमटते, सीडी६८ संरक्षक पेशींत.

हाताला काय लागले, सोनोग्राफीत काय दिसले आणि तुकड्यात काय आले, या तिन्हींचा मेळ बसायला हवा. मोठी, घट्ट, काळसर गाठ आणि तुकड्यात ‘सौम्य दाह’ एवढेच आले, तर बहुधा सुई गाठीला लागलीच नाही. अशा रिपोर्टवर समाधान मानू नये. बायोप्सी पुन्हा करावी. स्लाइड आणि ब्लॉक मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरच्या स्लाइड तपासून मत दिले जाते.

क्षय आहे की नाही

निदानाचा सगळ्यात नाजूक भाग हाच. दोन्हीकडची चूक महागात पडते. आयजीएमला क्षय समजले तर स्त्रीला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ यकृत आणि दृष्टीवर परिणाम करू शकणारी औषधे विनाकारण घ्यावी लागतात. क्षयाला आयजीएम समजून स्टिरॉइड दिले तर क्षय पसरतो.

स्तनाचा क्षय १८२९ साली ॲस्टली कूपर यांनी वर्णन केला. तो आपल्याकडे आजही दिसतो, पण फुप्फुसाच्या क्षयापेक्षा पुष्कळ कमी. त्याच्या बाजूने जाणाऱ्या गोष्टी: तुकड्यात केसिएशन, लोब्यूलची मर्यादा ओलांडून पसरलेले ग्रॅन्युलोमा, काखेत एकमेकींना चिकटलेल्या किंवा मऊ पडलेल्या गाठी, बरगडी वा छातीच्या भिंतीपर्यंत गेलेला मार्ग, एक्स-रेमधल्या खुणा. सीबीनॅट किंवा कल्चर पॉझिटिव्ह आले तर प्रश्न मिटला. निक्षय या सरकारी क्षयरुग्ण नोंदणी पोर्टलवर नोंद करून औषधे सुरू करावीत.

निगेटिव्ह आल्यावर खरी कसोटी लागते. स्तनाच्या तुकड्यात क्षयाचे जंतू फार थोडे असतात. झेडएन स्टेनला दिसायला नमुन्याच्या एका मिलीमध्ये सुमारे दहा हजार जंतू लागतात, त्यामुळे तो निगेटिव्ह येण्याला फारसे वजन नाही. सीबीनॅट बरीच जास्त संवेदनशील, तरी तिच्या निगेटिव्हनेही क्षय शंभर टक्के बाद होत नाही. कल्चर सर्वांत भरवशाचे, पण सहा आठवड्यांचे. म्हणून तिन्ही एकत्र वाचायची. झेडएन पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह असा उलटा निकाल आला, तर क्षयाच्या नात्यातले पण वेगळे जंतू, म्हणजे एनटीएम, शोधावेत. विशेषतः बोंड टोचल्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली असेल तेव्हा.

माँटू (कातडीवरची चाचणी) किंवा इग्रा (रक्ताची चाचणी) पॉझिटिव्ह आले एवढ्यावरून स्तनात क्षय आहे असे ठरत नाही. क्षयाचा जंतू कधीतरी शरीरात शिरला होता, इतकेच त्यातून कळते आणि भारतात हे असंख्य निरोगी माणसांबाबत खरे आहे. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय सांगणाऱ्या किटवर तर भारतात २०१२ पासून बंदी आहे. असा रिपोर्ट कोणी पुढे केला तर बाजूला ठेवावा.

‘एकेटी देऊन बघू, बरे वाटले तर क्षय’ ही पद्धत इथे फसते. एकेटीतले रिफाम्पिसिन कोरिनेबॅक्टेरियमवरही चालते. शिवाय आयजीएम काही महिन्यांत आपणहूनही ओसरतो. त्यामुळे एकेटीवर गाठ विरली यावरून क्षय होता असे सिद्ध होत नाही. स्टिरॉइडवर गाठ लहान झाली यावरूनही आयजीएमच होता असे म्हणता येत नाही. दाह कोणताही असो, स्टिरॉइडने सुरुवातीला दबतोच. तुकड्यात केसिएशन स्पष्ट आहे आणि बाकी सगळे निगेटिव्ह, अशा वेळी क्षयतज्ज्ञांसोबत बसून निर्णय घ्यावा आणि शक्य असेल तर दुसरी बायोप्सी सलाईनसह करावी.

नाव केव्हा द्यावे, आणि तोवर काय करावे

तुकड्यात लोब्यूलकेंद्री ग्रॅन्युलोमा, कॅन्सरच्या पेशी नाहीत, चारही स्टेन निगेटिव्ह, सीबीनॅट निगेटिव्ह, बाहेरचा पदार्थ नाही, शरीरात इतरत्र ग्रॅन्युलोमाचा आजार नाही आणि सोनोग्राफीशी मेळ बसतो, एवढे जमले की आयजीएमचे निदान तात्पुरते लिहावे. क्षयाचे आणि बुरशीचे कल्चर निगेटिव्ह आले की ते पक्के करावे. कोरिनेबॅक्टेरियम सापडला तर तसे नावासोबत लिहावे.

सहा आठवडे हातावर हात ठेवून बसायचे नसते. वेदनाशामक गोळ्या, साधे ड्रेसिंग आणि पू साठला तर सोनोग्राफीखाली सुईने काढणे, हे चालू ठेवता येते. पुन्हा पुन्हा चिरे देऊ नयेत. या आजारात प्रत्येक चिरा न भरणारी जखम ठरू शकतो. प्रोलॅक्टिन वाढवणारी पित्ताची कॅप्सूल डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी. दुखणे असह्य असेल आणि चित्र आयजीएमला पूर्ण जुळत असेल, तर कल्चरच्या आधी स्टिरॉइड सुरू करण्याचा निर्णय काही तज्ज्ञ घेतात. पण तेव्हा सीबीनॅट निगेटिव्ह असलेच पाहिजे, साखर तपासलेली हवी आणि कल्चरच्या रिपोर्टची तारीख फाइलवर ठळक लिहिलेली हवी. या आजारात स्तन काढून टाकण्याची गरज सहसा पडत नाही. बायोप्सीशिवाय असा सल्ला मिळाला तर दुसरे मत घ्यावे.

रुग्णाला आधीच सांगावे की आजार रेंगाळणारा आहे. पूर्ण ओसरायला बऱ्याचदा सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते आणि मध्ये उसळीही येते. हे माहीत नसले की दर महिन्याला डॉक्टर बदलतो आणि प्रत्येक नव्या ठिकाणी तपास शून्यापासून सुरू होतो. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावावेत. पहिल्या सोनोग्राफीचे फोटो आणि पॅथॉलॉजीचा ब्लॉक क्रमांक सर्वांत वर.

सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी पुरते. उपचार चालू असताना गाठ वाढत राहिली, नव्याने कातडी जाड होऊ लागली, किंवा दाह ओसरल्यावरही घट्ट गोळा जसाच्या तसा राहिला, तर पुन्हा ट्रुकट करावी, पुन्हा दोन डब्यांसह. आयजीएममुळे पुढे कॅन्सर होतो असा पुरावा नाही, पण दोन्ही एकाच स्तनात असू शकतात. त्याच किंवा दुसऱ्या स्तनात काही वर्षांनी नवी गाठ आली, तर जुन्या चिठ्ठीवरचे स्टिरॉइड घरच्या घरी सुरू करू नये. आधी सोनोग्राफी करून घ्यावी.